हाडाची हकीकत

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही उलट टपाली विषय कळविला तो 'हाडाची सूक्ष्म रचना'. पत्र भलत्याच कोणाचे आले की काय, अशी शंका चालकांना आली असल्यास नवल नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तरी हा विषय आमच्या मानगुटीवर बसला, त्याला कारण एक नडगी आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या अंथुर्ण्याचा एक माणूस जिल्ह्याबाहेरच्या एका साखर कारखान्यात कामाला होता. कारखान्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. हंगाम भरात असताना गव्हाणीपाशी लोखंडी तुळई त्याच्या डाव्या पायावर पडली आणि नडगी मोडली. सात आठवड्यांनी प्लास्टर निघाले. क्ष-किरणांच्या फोटोत हाड जुळलेले दिसले. चौथ्या दिवशी त्याला क्विंटलची पोती उचलण्याच्या कामावर लावले, आणि पाचव्या आठवड्यात तीच नडगी त्याच जागी पुन्हा मोडली. भरपाईसाठी आम्ही गेलो तेव्हा साहेबांनी सांगितले, दुसरी मोड ही त्याची स्वतःची बेपर्वाई. हाड म्हणजे काही रोपटे नव्हे, जुळले की जुळले. भरपाईचा १९२३ चा कायदा आम्हांला कलमवार पाठ होता. हाड मात्र माहीत नव्हते. आम्ही गप्प बसलो. ते गप्प बसणे आम्हांला फार लागले, म्हणून आम्ही हाडाच्या मागे लागलो.

साहेबांनाच दोष कशाला द्यावा? आपण सगळेच हाडाला निर्जीव समजतो. जो मुळातला, न बदलणारा, त्याला आपण 'हाडाचा शेतकरी' म्हणतो. चितेची राख सावडताना हाती लागते ते हाड, म्हणून तेच शरीरातले टिकाऊ, असा आपला समज होतो. पण त्या अस्थी म्हणजे अर्धे हाड. हाडात दोन पदार्थ एकमेकांत विणलेले असतात. एक चुन्याच्या जातीचे खनिज, हे वजनाने अर्ध्याहून अधिक. आणि दुसरे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे चिवट धागे. अग्नी धागे जाळतो, खनिज मागे ठेवतो. म्हणूनच सावडलेल्या अस्थी बोटांत चुरगळतात. उलट प्रयोग घरी करता येतो. कोंबडीच्या तंगडीचे हाड काही दिवस शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवून ठेवा. आम्लात खनिज विरघळते, आणि हाड आकार न सोडता रबरासारखे वाकते. लोखंडी गज आणि सिमेंट यांची जोडी माणसाने शोधण्याआधी ती आपल्या पायात होती. आपण साखरेच्या मुलखातले लोक, म्हणून जाता जाता सांगतो: बंद भांड्यात जाळलेल्या हाडांच्या कोळशातून पाक गाळून साखर शुभ्र करण्याची रीत एकोणिसाव्या शतकात युरोपात सर्रास होती.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी हाडाचा विचार केला नव्हता, असे नाही. वेदवादी ३६० हाडे मानतात, शल्यतंत्रात मात्र ३०० च, असे सुश्रुतसंहिता स्पष्ट सांगते. आजची गणना मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे धरते. सुश्रुताची संख्या मोठी, कारण त्याने दात आणि कूर्चाही मोजल्या. त्याने हाडांचे पाच प्रकार केले : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. कुजविलेल्या प्रेताचे थर कुंच्याने हळूहळू घासून आतले पाहावे, ही त्याची रीत. डोळ्यांनी जेवढे दिसते तेवढे त्याने पाहिले. पण हाडाची खरी हकीकत डोळ्यांना दिसणाऱ्या आकारापलीकडे सुरू होते, आणि तेथे जाण्यास भिंग लागते.

ते भिंग प्रथम हाडावर रोखले ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड दुकानदाराने. आन्तोनी व्हान लेव्हेनहूक हे त्याचे नाव. त्याला लॅटिन येत नव्हते, तो कोणत्याही विद्यापीठात गेला नव्हता. काचेचे मणी घासून तो स्वतः भिंगे करी, आणि काय दिसले ते आपल्या डच भाषेत लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे पाठवी. १६७८ च्या सुमारास त्याने लिहिले की हाडात लांबीच्या दिशेने बारीक नळ्या आहेत. पुढे १६९१ साली क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने हाडांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात त्या नळ्यांचे वर्णन केले. त्यांतून मज्जेचे तेल झिरपून हाडाला वंगण मिळते, अशी हॅव्हर्सची कल्पना. खरे म्हणजे त्यांतून रक्तवाहिन्या जातात. तरी आज जगभर त्या नळ्यांना नाव आहे ते हॅव्हर्सचे. दुकानदाराने आधी पाहिले आणि पदवीधराचे नाव लागले, याचे आम्हांला थोडे वाईट वाटते. पण आमचा धंदाच तसा असल्यामुळे आमच्या या मताला फार किंमत देऊ नये.

नळी असली म्हणजे काही जिवंतपणा सिद्ध होत नाही. पाण्याच्या पाइपालाही पोकळी असते. हाड बदलते, वाढते, झडते हे प्रथम कळले ते एका जेवणाच्या ताटात. १७३६ साली जॉन बेल्चर हा लंडनचा शस्त्रवैद्य कापड छापणाऱ्या एका रंगाऱ्याकडे जेवावयास गेला होता. ताटात डुकराचे मांस होते आणि त्यातले हाड लालभडक होते. विचारपूस करता कळले, की मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांच्या रंगात रंगविलेले कापड त्या कारखान्यात कोंड्याने साफ करीत, आणि तो रंग चढलेला कोंडा डुकरांना खाऊ घालीत. मांस नेहमीच्या रंगाचे, दात आणि हाडे लाल! बेल्चरने कोंबड्यांना तो रंग चारून पाहिला, त्यांचीही हाडे रंगली. कारखान्यातल्या कामगारांनी ती लाल हाडे कितीदा ताटाबाहेर टाकली असतील! त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनीही कोणाला सांगितले नाही. आमच्या बाजूनेही चूक होते ती अशी.

ही बातमी फ्रान्समध्ये दुहामेल याच्या कानी गेली. हा गृहस्थ मूळचा झाडांचा आणि शेतीचा अभ्यासक. झाडाच्या खोडात वर्षावर्षांची कडी पडतात हे त्याला ठाऊक होते. १७३९ पासून पुढे चार वर्षे त्याने जनावरांना काही दिवस रंगीत चारा, काही दिवस साधा चारा, असे आळीपाळीने चारले आणि मग त्यांची हाडे आडवी कापली. लाल कडे, पांढरे कडे, पुन्हा लाल कडे. ज्या दिवसांत रंग पोटात गेला, त्याच दिवसांत बसलेला थर तेवढा लाल. म्हणजे हाड बाहेरून थरावर थर चढवीत जाड होत होते. वाढत्या जनावराच्या हाडाभोवती त्याने चांदीच्या तारेचे कडेही बसविले. काही काळाने पाहावे तो ते कडे हाडाच्या आत गेलेले. बाहेर नवे हाड चढले होते. मग आतली पोकळी भरून कशी जात नाही? याचा उलगडा पुढे लंडनच्या जॉन हंटरने केला : बाहेर बांधकाम चालू असताना आत मोडतोडही चालू असते. दोन्ही एकाच वेळी.

बांधणारे कोण आणि मोडणारे कोण, हे मात्र आणखी शंभर वर्षे कळले नाही. कारण हाड सूक्ष्मदर्शकाखाली बघावयाचे तर ते प्रकाश आरपार जाईल इतके पातळ लागते, आणि हाड सुरीने कापले जात नाही. हाडाची चकती काढून ती दगडावर घाशीत, पाणी घालीत, पुन्हा घाशीत कागदाहून पातळ करावी लागे. पुर्किन्ये या बोहेमियाच्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉइच नावाच्या विद्यार्थ्याने असे काप पाहून १८३४ साली प्रबंध लिहिला. त्यात नळीभोवतीचे थर आले, आणि थरांमधले काळे ठिपकेही आले. नळीत रक्तवाहिनी असते हे पुढे स्थिर झाले. त्या ठिपक्यांत काय आहे, हे ठरावयास मात्र वेळ लागला.

असा काप आम्ही स्वतः पाहिला आहे. आमच्या एका सभासदाची मुलगी पुण्यास वैद्यकीच्या वर्गात होती. तिने परवानगी काढून आम्हांला काचेसमोर बसविले. प्रथम काही दिसेना, आमच्याच पापण्या दिसल्या. मग एकदम समोर कांद्याच्या आडव्या चकत्या मांडाव्यात तसे दिसले. मध्ये एक भोक आणि भोवती कडी. शेजारी दुसरी चकती, तिसरी, आणि मधल्या फटीत जुन्या मोडक्या चकत्यांचे तुकडे. अशी एक चकती मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. कड्यांच्या मधोमध काळे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यातून कोळ्याच्या पायांसारखे असंख्य बारीक धागे निघून शेजारच्या ठिपक्याच्या धाग्यांना भिडलेले. आम्ही विचारले, हे काय? मुलगी म्हणाली, "काका, ह्या पेशींच्या खोल्या. जिवंत हाडात ह्या सगळ्यांत कोणी ना कोणी राहत असते." २०१५ सालच्या एका हिशेबाप्रमाणे एका माणसाच्या हाडांत अशा सुमारे ४,२०० कोटी पेशी राहतात. पृथ्वीवर माणसे किती, याचा विचार करून पाहावा.

या वस्तीत काम करणाऱ्यांचे मुख्य तीन वर्ग आहेत. हाड बांधणाऱ्या पेशीला १८६४ साली जर्मन शास्त्रज्ञ गेगेनबाउर याने ऑस्टिओब्लास्ट हे नाव दिले. ही गवंडीण. हाडाच्या पृष्ठभागावर रांगेने बसून ती आधी कोलॅजेनचे धागे अंथरते, मग त्यांवर खनिज बसते. हाड मोडणारी पेशी ती ऑस्टिओक्लास्ट. हे नाव क्योलिकर याने १८७३ साली दिले. ती आकाराने मोठी असते आणि तिच्या पोटात एकाऐवजी अनेक केंद्रके असतात. ती हाडाला चिकटून बसते, आम्ल सोडून खनिज विरघळविते आणि उघडे पडलेले धागे खाऊन टाकते. आपला शिरक्याचा प्रयोग ती अव्याहत करीत असते. तिचा जन्म हाडातला नव्हे. ती रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कुळातली, बाहेरून पाडकामाला आलेली. आणि तिसरी ऑस्टिओसाइट. काळ्या ठिपक्यातली रहिवासी ती हीच. बांधता बांधता काही गवंडिणी आपल्याच बांधकामात चिणल्या जातात, त्या मरत नाहीत. हातपाय पसरून शेजारणींशी संधान ठेवतात आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतात.

फार दिवस या तिसरीला निवृत्तिवेतनावर बसलेली समजत. अलीकडच्या चाळीसएक वर्षांत कळले की खरी मुकादम तीच आहे. आपण पाऊल टाकतो तेव्हा हाड केसाच्याही अंशाने वाकते. तिच्या बारीक बोगद्यांतले पाणी हलते. ते हलणे तिला कळते, आणि कोठे पाडावयाचे, कोठे बांधावयाचे याची वर्दी ती पाठविते. पाडणारी टोळी एका जागी सुमारे तीन आठवडे काम करते. तेवढी जागा भरून काढण्यास बांधणाऱ्यांना तीन-चार महिने लागतात. या हिशेबाने मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. पाडणे झटपट आणि बांधणे सावकाश, हे प्रमाण ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

हाडाला ओझे कळते, हा शोध मात्र पेशी पाहणाऱ्यांनी लावला नाही. तो लावला एका इंजिनिअरने. १८६६ साली झुरिकमध्ये मायर हा शरीरशास्त्रज्ञ मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवीत होता. खुब्याच्या गोळ्याखाली हाड भरीव नसते. आत जाळीदार पट्ट्या असतात, काही वरून खाली उतरणाऱ्या, काही त्यांना कमानीने छेदणाऱ्या. तेथे कुलमान हा पुलांचा हिशेब शिकविणारा प्राध्यापक हजर होता. त्याने ओळखले की या रेघा आपल्या ओळखीच्या आहेत. वाकड्या मानेच्या क्रेनवर ओझे टांगले असता तिच्यात दाब कोणत्या दिशेने आणि ताण कोणत्या दिशेने जातो, ते दाखविण्यासाठी तो ज्या रेघा काढीत असे, त्याच या! ज्यांनी उसाच्या यार्डात क्रेनखाली दिवस काढले आहेत त्यांनी आपल्या खुब्यावर हात ठेवून क्षणभर विचार करावा. बर्लिनच्या यूलियुस व्होल्फने १८९२ साली याचा नियमच बांधला, की ओझे बदलले की हाडाची रचना त्याप्रमाणे बदलते. गणिती काटेकोरपणाचा त्याचा आग्रह पुढे टिकला नाही, आणि आमच्या मते त्याने हाडाला फारच आज्ञाधारक ठरविले. पण मूळ गोष्ट खरी निघाली. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते; अंतराळात वजनाविना राहणाऱ्यांच्या खुब्याचे हाड महिन्याला शंभरात एकाहून अधिक भागाने घटते.

आता साहेबांच्या वाक्याकडे येऊ. मोडलेले हाड कसे जुळते? प्रथम मोडीभोवती रक्त साखळते. त्यात नव्या पेशी शिरतात आणि कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो. मग त्याचे कच्चे हाड बनते. ते घाईने विणलेले, धागे वाटेल तसे पडलेले, ओबडधोबड गोळ्यासारखे. क्ष-किरणांच्या फोटोत दिसतो तो हा गोळा, आणि तो दिसला की आपण जुळले म्हणतो. पण त्या गोळ्यात आम्ही भिंगाखाली पाहिलेल्या त्या कांद्याच्या चकत्या अजून नसतात. पाडणारी टोळी तो कच्चा माल उचलते, मागून बांधणारी टोळी कडे कडे करून पक्के हाड बसविते, आणि हे काम कित्येक महिने, कधी वर्षे चालते. थोडे थोडे ओझे पडत गेले तर ते उलट चांगले होते, कारण मुकादमिणीला दिशा कळते. सहा-सात आठवड्यांच्या नडगीवर एकदम क्विंटलचे पोते देणे म्हणजे ओल्या स्लॅबखालच्या बल्ल्या काढून वर धान्याचे कोठार भरणे होय. रोपट्याची उपमा साहेबांनी नाकारली, पण ती त्यांच्या तोंडून निघालेली एकमेव शास्त्रीय गोष्ट होती.

हाड जर ओझ्याची आणि अन्नाची अशी नोंद ठेवीत असेल, तर मेलेल्या माणसाच्या हाडातून त्याचे जगणे वाचता यावे. ते वाचले गेले आहे, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. ती घोड पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी आपल्या इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगाने उजनीच्या जलाशयात येते. इनामगावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत तेथे शेतकऱ्यांचे गाव नांदत होते. ती माणसे आपल्या मृतांना घरातल्या जमिनीखालीच पुरीत. लहान मूल असेल तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत आणि त्यांत ते लेकरू. अशी दोनशेहून अधिक दफने निघाली, आणि त्यांतली पुष्कळशी मुलांची.

गावाच्या शेवटच्या तीनशे वर्षांत, म्हणजे इ. स. पूर्व १००० नंतर, दिवस फिरले. चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली. ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधिकेने या मुलांच्या हाडांचा अभ्यास करून २०११ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडाची लांबी उंची सांगते. त्याच्या आडव्या छेदाचा आकार मात्र त्यावर किती वजन पडत होते ते सांगतो. हा हिशेब तुळईच्या गणिताचा, कुलमानच्याच घराण्यातला. तो मांडला तेव्हा असे दिसले, की शेवटच्या काळातली मुले आधीच्या काळातल्या मुलांपेक्षा उंचीच्या मानाने हलकी, खंगलेली होती. ढवळीकरांनी हवा कोरडी पडली हे कारण मांडले होते. या बाईंनी त्यावर शंका घेतली आहे. तो वाद विद्वानांचा. मूल उपाशी होते याबद्दल मात्र हाडाला शंका नाही. तीन हजार वर्षे ते रांजणात पडून राहिले, तरी ती नोंद पुसली गेली नाही.

आणि ही गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीच संपली असे नाही. दर दिवाळीच्या सुमारास बीडकडून कोयते येतात, आपल्या बारामती-इंदापूरच्या फडांत उतरतात. बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. २०१९ साली राज्य सरकारच्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढलेले होते, आणि त्यांतल्या कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. खाडा झाला तर मुकादमाकडे दंड बसतो, म्हणून पाळीची कटकटच नको, असे अनेकींनी सांगितले. याचा हाडाशी काय संबंध? अमेरिकेतल्या फुलर ऑलब्राइटने १९४१ साली दाखविला तो संबंध असा : पाळी गेल्यानंतर स्त्रीची हाडे पोकळ होत जातात. स्त्रीच्या अंडाशयातून निघणारे ईस्ट्रोजेन हे द्रव्य पाडणाऱ्या टोळीला लगाम घालीत असते. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले, तर तो लगाम एका दिवसात सुटतो. आणि पाडणे झटपट, बांधणे सावकाश, हे प्रमाण आम्ही मघाशी सांगितलेच. पस्तिशीच्या बाईच्या हाडात साठीच्या बाईचा हिशेब सुरू होतो, आणि डोक्यावरची मोळी मात्र तेवढीच राहते. कोणत्याही उचलीच्या वहीत या हाडाचा खर्च आम्ही मांडलेला पाहिला नाही.

त्या नडगीचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. पुढच्या सुनावणीला आम्ही एका हाडांच्या डॉक्टरांना साक्षीस नेले आणि त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून कच्चे हाड आणि पक्के हाड यांतला फरक समजावून सांगितला. दुसऱ्या मोडीची भरपाई अडीच वर्षांनी मिळाली. माणूस आजही किंचित लंगडतो आणि नडगीवर त्या जागी बोटाला उंचवटा लागतो. ते दोन्ही फोटो त्याने आमच्याकडेच ठेवले आहेत. आम्ही ते बरोबर आणले आहेत. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी सभा संपल्यावर दिव्याजवळ यावे.